चोक लहान केला की तेल जास्त मिळतं का?

प्रश्न थोडक्यात असा: विहीर चांगली वाहत असताना तिचा चोक (विहिरीच्या तोंडावरचं, प्रवाह कमी-जास्त करणारं छिद्र; आकार इंचाच्या चौसष्टाव्या भागांत मोजतात) ३२ वरून २० वर आणला. साहेबांचं म्हणणं, "हळू काढलं तर शेवटी एकूण तेल जास्त मिळतं." सहकाऱ्याचं म्हणणं, "खाली आहे तेवढंच आहे, आज काढा नाहीतर दहा वर्षांनी." विचारणाऱ्याला दोघांपैकी बरोबर कोण ते हवं आहे, आणि गॅसच्या विहिरीला हाच नियम लागू होतो का तेही.

रिझर्व्हायर इंजिनिअर, म्हणजे जमिनीखालच्या साठ्याचा इंजिनिअर म्हणून वीसहून जास्त वर्षं मी हेच काम केलं आहे. साहेबांचं बरोबर निघालेलं पाहिलं आहे, सहकाऱ्याचंही. गॅसच्या काही साठ्यांत तर दोघांच्या उलट, भराभर काढणाऱ्याचं बरोबर निघतं. त्यामुळे "साठा कुठला" हे न विचारता जो कोणी ठाम उत्तर देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

आधी सहकाऱ्याच्या वाक्यातली एक गफलत दूर करू. खाली तेल आहे तेवढंच आहे, हे खरं. पण खाली असलेलं तेल आणि हाती येणारं तेल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तेल खडकाच्या बारीक छिद्रांत, पाण्याच्या आणि गॅसच्या शेजारी अडकलेलं असतं. ते सगळं कधीच बाहेर येत नाही. तेलात विरघळलेल्या गॅसच्याच जोरावर चालणाऱ्या साठ्यातून साधारण ५ ते ३० टक्के तेल मिळतं, तर खालून जोरकस पाणी ढकलत असेल तर ३५ ते ७५ टक्क्यांपर्यंत. खडक तोच, तेलही जवळपास तसंच, पण ढकलणारा बदलला की हिशोब दुपटीने बदलतो. म्हणून खरा प्रश्न असा आहे: तेलाला विहिरीकडे ढकलतंय कोण, आणि तुम्ही ओढण्याचा वेग वाढवला तर त्या ढकलणाऱ्याला तुमच्याबरोबर चालता येतं का?

जिथे वेगाने फारसा फरक पडत नाही, ते आधी सांगतो. साठा चारही बाजूंनी बंद आहे, खाली पाण्याचा मोठा साठा नाही, वर मोकळ्या गॅसचा थर नाही. अशा ठिकाणी तेल काढलं की दाब उतरतो आणि बबल पॉइंटच्या खाली गेला की तेलातला गॅस सुटायला लागतो. फुगणारा हा गॅसच तेलाला बाहेर रेटतो. मात्र तोच गॅस पुढे तेलाच्या आधी विहिरीत पळतो, आणि मागे राहिलेलं तेल गॅस गमावून घट्ट होतं, आक्रसतं. इथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की दाब किती उतरला हे तुम्ही एकूण किती काढलं यावर ठरतं, किती दिवसांत काढलं यावर जवळजवळ नाही. तीन वर्षांत काढा नाहीतर नऊ वर्षांत, दाब त्याच वाटेने उतरतो आणि गॅस त्याच टप्प्यावर सुटतो. अशा साठ्यात तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं बऱ्यापैकी बरोबर आहे.

याला अपवाद आहे. खडकाचा थर जाड असेल किंवा चांगला तिरका असेल आणि पारगम्यता (खडकातून द्रव वाहू देण्याची क्षमता) भरपूर असेल, तर सुटलेल्या गॅसला वर सरकायला आणि तेलाला खाली झिरपायला वाव असतो. गुरुत्वाकर्षण काम करतं, पण त्याची चाल मंद असते. सावकाश काढलं तर गॅस वरच्या बाजूला जमून टोपीसारखा थर धरतो आणि तेलाला वरून खाली सपाट रेषेत दाबत आणतो. घाईने ओढलं तर तोच गॅस तेलातूनच बोगदे पाडत विहिरीकडे येतो. गुरुत्वाच्या या झिरपण्यावर चालणाऱ्या साठ्यांत सर्वांत उत्तम रिकव्हरी (खालच्या एकूण तेलापैकी हाती येणारा वाटा) मिळते, आणि घाईने सर्वांत जास्त नुकसानही तिथेच होतं.

वर आधीपासूनच गॅस कॅप, म्हणजे मोकळ्या गॅसचा थर, असेल तर आणखी एक धोका असतो आणि तो सहज नजरेतून सुटतो. गॅस विहिरीत घुसून आपण कॅपमधला गॅसच उपसत राहिलो की कॅप आक्रसते आणि खालचं तेल वर सरकून आजवर कोरड्या असलेल्या वाळूत शिरतं. ती वाळू तेलाने ओली होते आणि त्यातलं बरंच तेल कायमचं तिथेच चिकटून राहतं. हे तेल काढायचं राहून गेलेलं नसतं. आपणच ते नको त्या जागी हलवलेलं असतं. जीओआर (तेलामागे किती गॅस येतो ते प्रमाण) अचानक चढलेली विहीर तशीच चालू ठेवण्याला मी कडाडून विरोध करतो तो याच कारणाने.

आता पाण्याने ढकललेलं तेल. वेग आणि रिकव्हरी यांचं नातं जगाला ज्या साठ्याने शिकवलं तो म्हणजे अमेरिकेतलं ईस्ट टेक्सास. १९३० च्या ऑक्टोबरमध्ये सापडलं आणि वर्षभराच्या आत तिथे लोकांनी शेजाऱ्याच्या आधी आपण काढावं म्हणून विहिरींची रांग लावली. तिथला कायदाच तसा होता: तेल जमिनीखाली कुणाच्याही हद्दीतून वाहत येवो, जो वर काढेल त्याचं. १९३१ च्या उन्हाळ्यात उत्पादन दिवसाला नऊ-दहा लाख बॅरलच्या घरात गेलं, भाव बॅरलला दहा-पंधरा सेंटपर्यंत कोसळला आणि ऑगस्टमध्ये गव्हर्नरने विहिरी बंद करायला नॅशनल गार्ड पाठवलं. बातमी भावाची झाली, पण आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दाबाची होती. साठ्याचा मूळ दाब सुमारे १,६२० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) होता आणि बबल पॉइंट सुमारे ७५० च्या आसपास. पश्चिमेकडून येणारं पाणी हा तिथला ढकलणारा. तेल इतक्या वेगाने ओढलं जात होतं की पाण्याला ती पोकळी भरून काढता येईना आणि दाब झपाट्याने बबल पॉइंटच्या दिशेने निघाला. तो ओलांडला असता तर पाण्याच्या जोरावर चालणारा उत्तम साठा गॅसच्या जोरावर चालणारा सुमार साठा होऊन बसला असता. पुढे कोटा लावून दर कमी केले गेले तेव्हा दाब उतरणं आवरलं, काही काळ तो वरही आला. १९४० च्या दशकात निघालेलं खारं पाणी परत खाली सोडायला मोठ्या प्रमाणावर सुरुवात झाली. त्या एका क्षेत्राने आजवर ५०० कोटी बॅरलहून जास्त तेल दिलं आहे.

जुन्या पुस्तकांत आणि नियमांत जो 'कमाल कार्यक्षम दर' भेटतो, त्याची कल्पना याच काळातली. अर्थ साधा आहे: ज्याच्या पुढे गेल्यास साठ्याचं नुकसान होतं असा दर. तिचा उगम विसरला जातो म्हणून गोंधळ होतो. ती कल्पना पाण्याच्या आणि गुरुत्वाच्या साठ्यांसाठी आहे. बंद साठ्याला ती लावून विहीर अडवून धरण्यात काही हशील नाही. शिवाय आज पाणी आपणच पंपाने खाली सोडत असू, तर ढकलणाऱ्याचा वेगही आपल्या हातात असतो. जितकं काढतो तितकी जागा खाली भरत असेल, तर दर वाढवल्याने दाब पडण्याचं कारणच उरत नाही. मग अडचण दाबाची राहत नाही, पाणी कुठल्या वाटेने येतं याची होते.

त्या वाटेबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण एका विहिरीचा चोक लहान करण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. साहेब 'रिकव्हरी' म्हणाले असतील, पण त्यांच्या मनात कदाचित कोनिंग, म्हणजे खालचं पाणी शंकूसारखं वर येणं, असेल.

विहिरीच्या तोंडाशी दाब कमी असतो म्हणून तेल तिकडे येतं. खाली पाणी असेल तर तेही त्याच कारणाने वर खेचलं जातं आणि विहिरीखाली पाण्याचा शंकू उभा राहतो. त्याला खाली धरून ठेवणारी एकच गोष्ट आहे: पाणी तेलापेक्षा जड असणं. तो फरक किती? घनमीटरमागे २०० किलो धरू. म्हणजे १० मीटर उंचीचा शंकू खाली दाबून ठेवायला उपलब्ध असलेला दाब फक्त ०.२ बार, म्हणजे दोन मीटर पाण्याच्या स्तंभाइतका. आणि विहिरीवर आपण ड्रॉडाउन (साठ्यातला आणि विहिरीतला दाब यांतला फरक) देतो तो कित्येक बार, कधी दहा-वीस बार. त्यामुळे शंकू अजिबात उठू नये असा 'क्रिटिकल' दर काढला तर तो अनेकदा इतका कमी येतो की त्या दराने विहीर चालवणं कुणालाच परवडणार नाही. गॅस आणि तेल यांच्या घनतेतला फरक याच्या तिपटीच्या आसपास असतो, म्हणून वरून येणाऱ्या गॅसचा शंकू थोडा जास्त दम धरतो. पण एकदा आला की गॅस पातळ असल्याने धो धो येतो.

एका विहिरीचं सांगतो. तिथे चोक मोठा करायची शिफारस माझीच होती. टेस्ट चालू असताना दर काही तासांनी सेपरेटरवरून (तेल, पाणी, गॅस वेगळं करणाऱ्या टाकीवरून) नमुना घ्यायचा, नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची आणि दिव्यासमोर धरून खालचा थर वाचायचा, असा क्रम होता. पहिल्या दिवशी काळ्या तेलाखाली पाण्याची जेमतेम रेघ दिसत होती, तीही नळी तिरकी केल्यावर. तिसऱ्या दिवशी बोटाच्या पेराएवढा स्वच्छ थर आला. पाचव्या दिवशी नळीचा तिसरा हिस्सा पाणी होतं, आणि त्याच्या क्षारतेवरून ते खालच्याच पाण्याचं आहे हे नक्की झालं. चोक लगेच जुन्या आकारावर आणला. पाणी कमी झालं, पण महिने लागले, आणि ते पहिल्या रेघेपर्यंत कधीच परतलं नाही. कारण पाणी जिथून गेलं तिथलं तेल धुतलं गेलेलं असतं. त्या वाटेत आता पाण्याला वाहणं सोपं झालेलं असतं आणि तेलाला अवघड. शंकू खाली बसतो, पण त्याने पाडलेली वाट बुजत नाही. तेव्हापासून चोक वाढवायचा तर एकेक पायरी वाढवावी आणि प्रत्येक पायरीवर वॉटर कट (निघणाऱ्या द्रवातलं पाण्याचं प्रमाण) स्थिर होईपर्यंत थांबावं, हे मी प्रत्येक नवीन माणसाला सांगतो.

मात्र त्या विहिरीचं नुकसान झालं म्हणून साठ्याचं तेल कमी झालं असं होत नाही. शेजारची विहीर ते तेल घेऊ शकते, किंवा वर नव्याने परफोरेशन (विहिरीच्या नळाला पाडलेली छिद्रं) करता येतं. विहिरीचा दर आणि क्षेत्राचा दर यांत हा भेद आहे. तेवढंच तेल दोन विहिरींतून काढण्याऐवजी सहा विहिरींतून काढलं, किंवा एका आडव्या विहिरीतून काढलं, तर प्रत्येक ठिकाणचा ड्रॉडाउन उतरतो आणि क्षेत्राचा वेग कमी न करता शंकू टळतो. साहेबांना हा पर्याय जरूर विचारा. चोक हा सर्वांत स्वस्त उपाय असतो, म्हणून तो नेहमी पहिला सुचतो.

भेगाळलेल्या चुनखडकात घाईची किंमत सर्वांत मोठी. तिथे तेल खडकाच्या ठोकळ्यांत असतं आणि वाहण्याची वाट भेगांत. पाणी ठोकळ्यात शोषलं जाऊन तेल बाहेर ढकलतं, पण ते आपल्या गतीने, महिन्यामहिन्यांच्या हिशोबाने. जोरात ओढलं तर पाणी भेगांतून थेट विहिरीत येतं आणि ठोकळे तेलाने भरलेलेच राहतात. अशा विहिरी काही काळ बंद ठेवून उघडल्या की पुन्हा तेल देताना दिसतात ते याचमुळे. जाड तेलाला पाण्याने ढकलतानाही पाणी बोटं काढत पुढे पळतं. सैल वाळूच्या खडकात वेग जास्त झाला की वाळूच विहिरीत येते, बारीक कण सुटून छिद्रांची तोंडं बुजवतात. अशा ठिकाणी चोक लहान ठेवणं हे विहिरीच्या तब्येतीसाठी असतं.

एक उलट दावाही कानावर येतो, की जोरात ओढलं तर छिद्रांत अडकलेले तेलाचे थेंबही निघून येतात. प्रयोगशाळेत, हवा तेवढा वेग देता येतो तिथे, हे दिसतं. साठ्यात विहिरीपासून थोडं दूर गेलं की वेग इतका कमी असतो की ते थेंब हलवायला तो शेकडो पटींनी वाढवावा लागेल. तेव्हा तो मुद्दा सोडून द्या.

आता गॅस. बंद साठ्यातला साधा गॅस असेल तर ८० ते ९० टक्के निघतो आणि वेगाचा फारसा संबंध नसतो. पण खाली जोरकस पाणी असेल तर तेलाचा नियम उलटा फिरतो. एक उदाहरण करू. छिद्रांच्या जागेत ८० टक्के गॅस आहे, दाब ३०० बार. पाणी जिथे शिरतं तिथे ३० टक्के गॅस मागे अडकून राहतो असं धरा. हळू काढलं आणि पाण्याने ३०० बारवरच सगळा खडक व्यापला, तर ८० पैकी ५० भाग मिळाले, म्हणजे साडेबासष्ट टक्के. अडकलेले ३० भाग मात्र ३०० बारने दाबून भरलेले, म्हणजे भरगच्च गॅस. आता समजा पाणी पोहोचायच्या आत भराभर काढून दाब १०० बारवर आणला. नंतर पाणी आलं तरी अडकणारी जागा तेवढीच, ३० भाग, पण तिच्यात गॅस साधारण एक तृतीयांश. ठोकळ हिशोबाने रिकव्हरी साडेसत्याऐंशी टक्क्यांच्या आसपास जाते. हे गणित १९६० च्या दशकापासून माहीत आहे, तरी गॅसच्या विहिरीलाही "सांभाळून, हळू" असं म्हणणारे लोक अजून भेटतात.

अर्थात हेही परिस्थितीवर आहे. पाणी इतकं जोरकस असेल की कितीही ओढलं तरी दाब पडतच नाही, किंवा एखाद्या जास्त पारगम्य थरातून ते थेट विहिरीत शिरून विहीर बुडवत असेल, तर घाई अंगाशी येते. गॅसबरोबर कंडेन्सेट (दाब उतरला की गॅसमधून वेगळं होणारं हलकं तेल) असेल तर वेगळंच. तिथे विहिरीजवळचा दाब ड्यू पॉइंटच्या खाली गेला की द्रव खडकातच गळतो आणि वाट अडवतो, म्हणून ड्रॉडाउनकडे लक्ष ठेवावं लागतं. आणि दर कमी करण्यामागचं कारण नेहमी रिकव्हरीच असतं असं नाही. नेदरलँड्सच्या ग्रोनिंगेनमध्ये २०१२ साली ३.६ तीव्रतेचा भूकंप झाल्यावर पुढे उत्पादन टप्प्याटप्प्याने कमी केलं गेलं आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये थांबवलं, ते वर राहणाऱ्या माणसांच्या घरांसाठी. ते योग्यच होतं असं माझं मत आहे.

इथवरचा हिशोब एका दमात: बंद साठ्यातलं तेल, वेगाने फरक नगण्य. पाणी, गॅस कॅप, गुरुत्व किंवा भेगा असतील तर सावकाशपणाचं मोल आहे. पाण्याने ढकललेला गॅस असेल तर बहुधा वेग फायद्याचा.

पैशाची बाजूही रिकव्हरीतच धरावी लागते. विहीर शेवटी बंद होते ती तेल संपल्याने नाही, रोजचा खर्च निघेनासा झाल्याने. प्लॅटफॉर्म, पाइपलाइन, कॉम्प्रेसर यांचं आयुष्य ठरलेलं असतं. फार हळू काढत राहिलात आणि यंत्रणाच म्हातारी झाली, तर राहिलेलं तेल कुणीच काढत नाही. गणितही तेच सांगतं. उत्पादन ठरावीक टक्केवारीने घटत असेल, विहिरी दुप्पट करून सुरुवातीचा दर दुप्पट केला आणि घटही दुप्पट झाली, तर शेवटच्या परवडणाऱ्या दरापर्यंत मिळणारं एकूण तेल थोडं जास्तच भरतं, कमी नाही.

यावरून मला सर्वांत जास्त वेळा दिसणारी चूक सांगतो. दर वाढवला, मग उत्पादन झपाट्याने उतरलं, म्हणून "साठा खराब झाला" असा निष्कर्ष काढला जातो. मेक्सिकोच्या कांतारेल या तेलक्षेत्राचं उदाहरण घ्या. २००० पासून नायट्रोजन सोडून दाब टिकवला, २००४ मध्ये उत्पादन दिवसाला २० लाख बॅरलच्या पुढे गेलं आणि २००९ मध्ये ते दहा लाखांच्या बरंच खाली आलं. गॅसचा थर उतरत आला, मधला तेलाचा पट्टा पातळ झाला. पण नुसता तो तीव्र उतार पाहून तेल वाया गेलं असं सिद्ध होत नाही. लवकर काढलेलं तेल नंतर नसणारच.

म्हणून आलेख वेळेवर काढू नका, एकूण उत्पादनावर काढा. आडव्या अक्षावर आजवर निघालेलं तेल, उभ्या अक्षावर आधी दर, मग वॉटर कट, मग जीओआर. चोक बदलला ते दिवस पेन्सिलने खुणा करून ठेवा. चोक बदलूनही वॉटर कट आणि जीओआर जुन्याच वळणावर पुढे जात असतील, तर वेगाने काही बिघडलेलं नाही आणि तुमचा सहकारी जिंकला. चोक मोठा असलेल्या काळात तेवढ्याच एकूण तेलाला जास्त पाणी किंवा जास्त गॅस येत असेल आणि लहान केल्यावर रेघ पुन्हा आडवी होत असेल, तर साहेबांचं बरोबर. त्याबरोबर विहीर दोन-तीन दिवस बंद ठेवून घेतलेला दाब बबल पॉइंटच्या किती वर आहे तेही पाहा, आणि तुमच्या परफोरेशनच्या खालच्या टोकापासून पाणी किती मीटरवर आहे ते लॉगवरून (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या मोजमापांवरून) काढा. हे तीन आकडे कळले की ३२ ठेवायचा की २० हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल. मधले २४ आणि २८ हे आकडेही चोकवर असतात. २० वरून वर जायचं ठरलं तर त्या दोन्हींवर थांबूनच जा.